सात नंबरची माशी

माझे काका शर्टांच्या कारखान्यात शिलाई मशीनचे मेकॅनिक होते. चौतीस वर्षं. एका लांबलचक दालनात सव्वादोनशे मशिनी चालायच्या, आणि त्या खडखडाटातून एखादीचा सूर जरा बिघडला की हे चहाचा कप खाली ठेवून सरळ तिच्याकडे चालत जायचे. कधी चुकीच्या मशीनपाशी गेले नाहीत. कुणी घाईने चाक फिरवायला गेलं की म्हणायचे, "हळू, हळू." त्यावरून शिवणाऱ्या बायकांनी त्यांचं नाव ठेवलं हळूमामा, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा.

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी दारं, पंखे, कात्र्या, शेजाऱ्यांचं फाटक आणि जिन्याखालची तीन चाकी सायकल, जिचा मालक केव्हाच मोठा होऊन नोकरीला लागला होता, अशा सगळ्यांना तेलपाणी केलं. दुसऱ्या महिन्यात काकूचा मला फोन आला.

"तुझ्या काकाला कुठेतरी घेऊन जा गं. घरात एकही दार वाजत नाही आता. हे मागे येऊन उभे राहतात आणि माझ्या काळजाचा ठोका चुकतो."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिचा आवाज ऐकून माणसं उगाच दोन वाक्यं जास्त बोलायची, असं काका सांगायचे. ते स्वतः त्यातलेच एक होते.

त्या वर्षी मी एक हॉल चालवायला घेतला होता. पूर्वी तिथे गालिच्यांचं गोदाम होतं. छत उंच, आणि छताखाली एका रांगेत लहान लहान तावदानं. दुपारी त्यांतून उजेडाच्या तिरप्या पट्ट्या उतरायच्या आणि हळूहळू या भिंतीवरून त्या भिंतीवर सरकायच्या. न विकले गेलेले जुने गालिचे मी भिंतींवरच टांगून ठेवले. ते आवाज पिऊन टाकायचे. आत आलं की बाहेरचा रस्ता एकदम लांब जायचा, आपण पाण्याखाली आलोय असं वाटायचं.

या हॉलमध्ये लोक एअरसॉफ्ट पिस्तुलांनी कागदावर नेम धरायला येतात. दिसायला खऱ्यासारखं पिस्तूल, पण टोक भगवं रंगवलेलं, आणि आतून निघते ती सहा मिलिमीटरची प्लास्टिकची पांढरी गोळी. मुठीच्या आत मॅगझिन बसतं. त्यात वर गोळ्या आणि खाली दाबून भरलेला गॅस. चाप ओढला की गॅसचा एक फुत्कार गोळीला ढकलतो. डोळ्यांवर गॉगल मात्र प्रत्येकाला सक्तीचा, मग तो नुसता चहा द्यायला आलेला का असेना.

माझ्याकडे भाड्याने द्यायची बारा पिस्तुलं होती. त्यांतलं सात नंबर कुणीच घ्यायचं नाही. त्याची गोळी कुठे जाईल ते तिचं तिलाच ठाऊक. मी ते काकांच्या पुढ्यात ठेवलं.

काकांनी ते उलटंसुलटं केलं, कानाशी नेलं, वरचा सरकता भाग दोनदा मागेपुढे केला. "कोरडं पडलंय," म्हणाले, आणि खिशातून मशीनच्या तेलाची कुपी काढली. मीही त्यांना अडवलं नाही. मला तरी कुठे कळत होतं!

दोन दिवसांनी सात नंबर पार मुकं झालं. मॅगझिन भरायला घेतलं तर सगळा गॅस फुसकन बाहेर. काकांनी उघडून पाहिलं, तर आतल्या रबरी चकत्या पावात बुडवलेल्या चहासारख्या... नाही, चहात बुडवलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या. मशीनचं तेल लोखंडाला मानवतं, या रबराला नाही. काका त्या दिवशी खिडकीखालच्या टेबलाशी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. मला वाटलं, संपलं, आता हे उद्या येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी दाराशी उभे होते. "रबराला कुठलं तेल चालतं?" एवढंच विचारलं.

सिलिकॉनचं चालतं, तेही बोटाला लागेल एवढंच. मी नव्या चकत्या मागवल्या, काकांनी त्या बसवल्या, आणि तिथून पुढे त्यांचा मुक्काम खिडकीखालीच पडला. जे कळत नाही ते ते विचारायचे, मला, गिऱ्हाइकांना, पिस्तुलालाही. मॅगझिन भरलं की गालाशी धरायचे. कुठून गॅस झिरपत असेल तर तिथे गालाला गार सुई टोचते. नळी साफ करायची ती लांब सळईला मऊ कापडाची पट्टी लावून, एकदा स्पिरिटची, मग कोरडी, आणि कापड पांढरंच्या पांढरं बाहेर येईपर्यंत. नळीच्या मागच्या टोकाला रबराची एक इवलीशी नळकांडी असते, तिच्या आत एक उंचवटा. गोळी जाताना त्याला घासते आणि उलटी गिरकी घेत निघते, म्हणून ती लगेच खाली न पडता सरळ जाते. तो उंचवटा कमीजास्त करायला एक दातेरी चाक असतं. काका ते एका वेळी एक दाता फिरवायचे, पाच गोळ्या मारायचे, कागदाकडे चालत जायचे, बघायचे, परत यायचे. पुन्हा एक दाता. त्या उंचवट्याला मात्र त्यांनी तेलाचा वाससुद्धा लागू दिला नाही. तेल लागलं तर गोळी घसरते, गिरकी घेतच नाही.

"मशीनच्या दोऱ्याला ताण द्यायचा तसंच आहे हे," एकदा म्हणाले. "जास्त दिलास तर तुटतो, कमी दिलास तर लोंबतो. मधली जागा केसाएवढी. पण असते."

हलक्या गोळ्या बदलून त्यांनी जरा जड गोळ्या घेतल्या. खाली पडलेली गोळी पुन्हा वापरायची नाही, तिला धूळ चिकटते आणि नळी आतून खरवडते, असा फतवा काढला. दुपारच्या त्या पट्ट्यांमध्ये बसून, चष्मा नाकाच्या टोकावर, ते काम करायचे आणि मधूनच हात थांबवून वर बघत राहायचे. काय बघताय विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. बरं वाटतंय."

काकू हॉलवर आली ती त्यांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला. जिना उतरून बाहेर पडणं तिने बरंच कमी केलं होतं. गुडघे कुरकुरतात म्हणायची. दारातच मी तिला गॉगल चढवला. ती गालिच्यांकडे बघत पुढे आली आणि म्हणाली, "अगंबाई, इथे किती शांत आहे."

"एक मारून बघतेस?" काकांनी विचारलं.

"मी? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे त्या वेळी हॉलमध्ये एक पोस्टमन होता. तो म्हणाला, "काही म्हणणार नाही काकू, मारा."

काकांनी सात नंबर तिच्या हातात दिलं, मागून तिचा हात सरळ केला, बोट चापाबाहेर कसं ठेवायचं ते दाखवलं. तिने पाच गोळ्या मारल्या. पाचही कागदावर लागल्या. काकू वळून हसली, आणि मला एकदम कळलं की एक्स्चेंजमधल्या त्या आवाजाचा चेहरा कसा असेल.

त्यानंतर ती रोज दुपारी यायला लागली. गुडघे तेच, जिना तोच, पण यायची. कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत उतरायची. थंडी पडली तेव्हा गॅसचा जोर कमी झाला, गोळ्या लक्ष्याआधीच माना टाकायला लागल्या. काकू मॅगझिन स्वेटरच्या आत, पोटाशी धरून बसायची. अंगाच्या उबेने ते ताळ्यावर यायचं. समोर काका चकत्या पुसत असायचे. दोघं फारसं बोलायची नाहीत. काही आठवायचं असलं की काकू हात वर करून म्हणायची, "थांबा, लाइन बिझी आहे," आणि काका खरंच थांबायचे.

एवढं सगळं छान चाललं होतं, पण कागदावर एक विचित्र गोष्ट दिसत होती. काकूच्या गोळ्या विखुरलेल्या नव्हत्या. त्या दोन ठिकाणी लागायच्या. डावीकडे एक झुबका, आणि दोन बोटं उजवीकडे दुसरा. मध्ये कोरा कागद. दहा गोळ्या मारल्या तर सहा इथे, चार तिथे.

"पिस्तुलाच्या मनात दोन विचार आहेत," काका म्हणाले. ते खूश झाले होते. असा बिघाड त्यांच्या आवडीचा.

त्यांनी तर्क केला की आतली नळी बाहेरच्या वेष्टनात सैल असणार, आणि दर वेळी ती इकडे किंवा तिकडे टेकून बसत असणार. उघडून पाहिलं तर नळी खरंच जराशी हलत होती. त्यांनी तिच्यावर पातळ टेप लावली, एक वेढा. हलणं कमी झालं. दुसरा वेढा दिला, गच्च बसली. जास्त होऊ नये म्हणून पाव वेढा काढून टाकला. मग पुन्हा पाच-पाच गोळ्या, पुन्हा कागदापर्यंतची ती चाल.

काकांनी मारल्या तर झुबका एक. काकूने मारल्या तर दोन.

पुढचे तीन आठवडे काका त्या दोन झुबक्यांच्या मागे लागले. रबर बदललं. गोळ्या बदलल्या. नळीच्या तोंडावर कुठे ओरखडा आहे का ते भिंगातून बघितलं. मुठीवर पातळ चामडं लावून दिलं, काकूचा पंजा लहान म्हणून. चापाची स्प्रिंग हलकी केली. शेवटी त्यांनी सात नंबर शिकंज्यात धरलं, खाली-वर मऊ कापड घालून, आणि हात न लावता नुसता चाप ओढत दहा गोळ्या मारल्या. कागद घेऊन आले तेव्हा त्यांच्या चालीत जोर नव्हता. दहाही भोकं एकमेकांत मिसळली होती. शर्टाच्या बटणाने झाकली गेली असती.

"पिस्तुलात काही नाही," ते म्हणाले. मी आनंदी चेहरा करायला गेले, पण त्यांच्याकडे बघून थांबले.

काकू खुर्चीवर मॅगझिन पोटाशी धरून बसली होती. काका तिच्यासमोर दुसरी खुर्ची घेऊन बसले.

"मला सांग, तू नेम कसा धरतेस? अगदी पहिल्यापासून."

"तुम्हीच शिकवलाय की. डावा डोळा मिटायचा. मागची खाच, त्या खाचेत पुढची माशी, आणि माशीवर तो काळा गोल."

माशी म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरचा छोटासा उंचवटा. नेम धरणारे त्याला माशीच म्हणतात.

"बरोबर. मग?"

"मग काय, माशी घेते आणि मारते."

"कुठली माशी?"

हा प्रश्न काकांनी का विचारला ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

"कधी डावी घेते, कधी उजवी," काकू म्हणाली. "जी ठळक दिसेल ती."

हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. उजेडाची एक पट्टी गालिच्यावरच्या निळ्या वेलबुट्टीवर येऊन थांबली होती. काकूने आधी काकांकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"का? तुम्हाला दोन नाही दिसत?"

"एकच असते गं ती," काका हळूच म्हणाले.

"मला वाटलं, त्याला दोनच असतात. उंबरठ्याची कडसुद्धा दोनदा असते. जिन्याच्या पायऱ्यांचं तेच. म्हटलं, वयाचं असेल." मग म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय आहे, तुम्ही आधीच इतक्या गोष्टी दुरुस्त करता."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर एक तरुण बाई होती, फार हळू बोलायची. काकांना ती लगेच आवडली. तिने उजव्या डोळ्यात बराच वेळ दिवा पाडून बघितलं आणि सांगितलं की मोतीबिंदू आहे. सगळीकडे सारखा नाही, मधेच दाट, मधेच विरळ. म्हणून आत येणारा उजेड फुटतो आणि त्या एकाच डोळ्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. डाव्यातही सुरुवात आहे, पण त्याला वेळ आहे.

"तुमच्या लक्षात कसं आलं?" तिने विचारलं.

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्या टेबलावर उलगडला. दोन झुबके, मध्ये दोन बोटं कोरी जागा. डॉक्टर बघतच राहिली. मग म्हणाली, "हा मी ठेवून घेऊ?"

घरी आल्यावर काकू आतल्या खोलीत गेली. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काका माझ्याशी बोलले, काकूला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण त्या घरातल्या दारांना आता आवाज नव्हता आणि सगळं सगळ्यांना ऐकू जायचं.

"सव्वादोनशे मशिनींमध्ये एकीला खरचटलं तरी मला कळायचं. आणि ही माझ्या शेजारी बसून दोन-दोन उंबरठे ओलांडत होती."

आतून काकूचा आवाज आला, तोच एक्स्चेंजमधला. "अहो, मी खडखड करत नव्हते ना. कसं कळणार तुम्हाला?"

काका हसले. पाठमोरे झाल्यामुळे त्यांनी डोळे पुसले का, ते मला दिसलं नाही.

ऑपरेशन सकाळी झालं आणि दुपारी ती घरी आली. पुढे महिनाभर डोळ्यात औषध घालायचं काम काकांचं. घड्याळ लावून, हात धुऊन, तिची मान मागे टेकवून ते औषध सोडायचे. काकू म्हणायची, कळतसुद्धा नाही कधी पडलं ते. हॉलवर मात्र दोघंही येत नव्हती. सात नंबर खिडकीखालच्या टेबलावर कापडात गुंडाळून होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काका त्याच्या मॅगझिनमध्ये थोडा गॅस राखून गेले होते. रिकामं ठेवलं की रबर जागा सोडतं म्हणून. मला तेवढंच सांगून गेले होते, की त्याला कुणी हात लावू देऊ नकोस. मी दुपारी तिथे जाऊन बसायचे. पट्ट्या यायच्या, टेबलावरून सरकायच्या, निघून जायच्या. मला तेव्हा कळलं की माझा हॉल चालत होता तो या दोघांमुळे. तिकिटाचे लोक येत-जात होतेच, पण ते वेगळं.

डॉक्टरने परवानगी दिल्यावर ती आली. जिन्यावर कठड्याला हात न लावता उतरून आली, हे काकांनी मला आल्याआल्या सांगितलं, जसं काही त्यांनीच तिला नवे पाय करून दिले होते. गॉगल चढवून ती उभी राहिली. काकांनी सात नंबर दिलं. तिने हात सरळ केला आणि बराच वेळ नुसतीच बघत राहिली.

"काय गं?"

"एकच आहे," ती म्हणाली. "केवढीशी आहे ही! उगाच तिला मी इतकी मोठी समजत होते."

तिने पहिली गोळी मारली आणि पिस्तूल खाली केलं. मग दुसरी मारली. पुन्हा खाली केलं. आमच्याकडे वळली तेव्हा तिचं तोंड जरा उघडं होतं.

"ती जाताना दिसते."

"कोण?"

"गोळी. अहो, ती जाताना दिसते. पांढरी. तरंगत जाते, शेवटी जराशी वर होते आणि मग कागदात शिरते. तुम्हाला नेहमीच दिसते का अशी?"

काकांना दिसायची. मलाही दिसायची. उजेडाच्या पट्टीतून जाताना ती क्षणभर पेटल्यासारखी होते आणि पलीकडे सावलीत पुन्हा पांढरी. रोज शेकडो गोळ्या तशा जायच्या, आणि आम्ही दोघं कागदावरच्या भोकांकडे बघत बसायचो.

"दिसते," काका म्हणाले.

त्या दिवशी कागदावर एकच झुबका पडला. पण तो मधोमध नव्हता, खाली डावीकडे होता. काका कागद घेऊन आले, चष्म्यावरून तिच्याकडे बघत.

"हे आता पिस्तुलाचं नाही आणि डोळ्याचंही नाही. तू चाप हिसकतेस."

"मी?"

"हळू ओढायचा. हळू."

"हळूमामा," काकू म्हणाली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तिने त्यांना त्या नावाने हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पुढच्या हिवाळ्यात हॉलमध्ये छोटीशी स्पर्धा ठेवली तेव्हा काकू चौथी आली. पोस्टमन पहिला आला आणि तिच्याच हातून बक्षिसाचा पेला घ्यायचा म्हणून अडून बसला. डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन त्यानंतर झालं, काही न घडता. काकांकडे आता दुसऱ्या हॉलमधूनही पिस्तुलं येतात. कुणी म्हणालं की नेम चुकतोय, तर काका आधी पिस्तूल घेत नाहीत. त्या माणसाला खुर्चीवर बसवतात, स्वतः समोर बसतात आणि विचारतात, अगदी पहिल्यापासून सांगा, तुम्हाला काय दिसतं. काही जण वैतागतात. बरेचसे सांगतात, आणि सांगता सांगता पिस्तूल सोडून भलतंच काहीतरी सांगून जातात.

मंगळवार आणि गुरुवारी दुपारी दोघं येतात. काकू आधी दोन मॅगझिनं कागदावर मारते, मन लावून, ओठ दाबून. तिसऱ्याला ती कागद काढून ठेवायला सांगते. मग काका जाऊन कागदामागचा जाड गालिचा तेवढा ठेवतात, आणि ती उजेडाच्या पट्टीतून एकेक गोळी सोडत राहते. मधे बराच वेळ जातो. पोस्टमन असला तर तोही आपला नेम थांबवून बघतो. परवा मी कपाटांना कुलूप लावत होते, तिचं मॅगझिन संपलं, सरकता भाग मागे जाऊन थांबला.

"अजून एक भरू?" काकांनी विचारलं.

"भरा," ती म्हणाली. गोळी जिथून गेली होती तिकडेच ती अजून बघत होती.